टीआयबीसी वाढली, म्हणजे लोह वाढलं का?

करकंबहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. कुणी भाकरी थापताना ऐकत असाल, कुणी रानात जायच्या गडबडीत असाल. आज आम्ही हप्त्याचं आणि कर्जफेडीचं बोलणार नाही, तेव्हा रेडिओ बंद करू नका. आज आमच्याच हातून झालेली एक चूक सांगायची आहे.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. वय चाळीसच्या आतलं. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच बोलतोय. त्या म्हणाल्या, "सांगा की, माझ्यासारखी आणखी कुणी असंल तर तिला तरी कळंल." या ताईंना दोन वर्षं दम लागायचा. वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येताना तीन ठिकाणी टेकायच्या. आशाताईंनी हिमोग्लोबिन तपासून घेतलं, ते ७.८ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ तरी असायला हवं, आणि ८ च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय. लाल गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने झाले तरी आकडा जागचा हलेना. मग डॉक्टरांनी आणखी एक तपासणी लिहून दिली. तिला 'आयर्न स्टडीज' म्हणतात, म्हणजे रक्तातल्या लोहाचा सगळा जमाखर्च.

ही तपासणी खासगी लॅबमध्ये करायची होती, पैसे लागणार होते. ताईंनी गटाकडं अंतर्गत कर्ज मागितलं. बैठकीत चांगलीच वादावादी झाली. आजारपणाला कर्ज द्यायचं हे आमच्या नियमात आहे, पण "नुसतं रक्त बघायला कर्ज?" असं एका मावशींनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही क्षणभर ते पटलं होतं. शेवटी दिलं.

रिपोर्ट आला तो इंग्रजीत. गावात इंग्रजी कागद आला की तो आमच्याकडं येतो, कारण गटाचं काम बघणाऱ्या आम्ही दोघी-तिघी बी.ए. झालेल्या. वरच्या ओळीत 'सिरम आयर्न', त्यापुढं २८. खाली 'टोटल आयर्न बाइंडिंग कपॅसिटी', म्हणजेच टीआयबीसी, त्यापुढं ठळक अक्षरात ४९० आणि शेजारी 'एच', म्हणजे हाय, जास्त. आम्ही 'टोटल आयर्न' एवढं वाचलं, 'जास्त' वाचलं आणि निकाल देऊन मोकळ्या झालो. वरचं २८ हे आजच्या दिवसाचं लोह असेल आणि खालचं एकूण, असा आमचा हिशेब. ताईंना सांगितलं, "तुमच्या अंगात लोह जास्त झालंय, गोळ्या थांबवा." ताईंना बरंच वाटलं. त्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं, शौचाला काळं होत होतं. त्यांनी गोळ्या बंद केल्या.

एकोणीस दिवस बंद होत्या. मग उपकेंद्रातल्या सिस्टरांनी तो कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. टीआयबीसी वाढली म्हणजे लोह वाढलं नाही. लोह संपत आलंय म्हणून ती वाढली.

हे आम्हाला पहिल्या दमात कळलं नाही. तुम्हालाही कळणार नाही, म्हणून आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या भाषेत सांगतो. दुष्काळाच्या साली गावोगाव टँकर फिरतात. एखाद्या साली टँकरची संख्या दुप्पट झाली अशी बातमी आली, तर आपण म्हणतो का, की चला, यंदा पाणी भरपूर आहे? उलट आपल्या पोटात गोळा येतो. विहिरी आटल्या म्हणून टँकर वाढले, हे पोरालाही कळतं.

रक्तातसुद्धा असेच टँकर असतात. त्यांचं नाव ट्रान्सफेरिन. हे एक प्रथिन आहे आणि ते यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होतं. लोह रक्तातून मोकळं फिरत नाही, ते या ट्रान्सफेरिनवर बसून जातं. एका ट्रान्सफेरिनवर लोहाचे दोनच अणू बसतात, आपल्या मोटारसायकलीसारखं डबल सीट. लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात, तिथं हा माल उतरतो. आता सगळे टँकर काठोकाठ भरले तर त्यात किती लोह मावेल, तो आकडा म्हणजे टीआयबीसी. आज प्रत्यक्षात त्यात किती भरलेलं आहे, तो आकडा म्हणजे सिरम आयर्न. आणि जमिनीखालच्या विहिरीत, म्हणजे शरीराच्या साठ्यात किती शिल्लक आहे, त्याचा अंदाज फेरिटिन या तिसऱ्या आकड्यावरून येतो. विहीर आटायला लागली की यकृत जास्त टँकर रस्त्यावर सोडतं, मिळेल तिथून लोह गोळा करून आणायला. टँकर जास्त, पाणी कमी.

ताईंच्या कागदावर हेच होतं. ४९० मावेल एवढी जागा आणि त्यात फक्त २८. शंभरात जेमतेम सहा भाग भरलेले. हा टक्का साधारण २० ते ५० असावा लागतो, आणि १६ च्या खाली गेला की नव्या लाल पेशी बनवायला लोह पुरत नाही. टीआयबीसी साधारण २५० ते ४५० मध्ये असते. लॅबप्रमाणे थोडं इकडंतिकडं होतं, म्हणून आपल्या कागदावर छापलेल्या मर्यादाच बघायच्या. हे सगळे आकडे मायक्रोग्रॅममध्ये, शंभर मिलिलिटर सिरममागे असतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

एवढी बारीक गोष्ट मोजतात कशी, हा प्रश्न पडला आणि आम्ही पाच जणी पंढरपूरला एक लॅब बघायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी आत येऊ दिलं, चपला बाहेर काढायला लावल्या आणि बरंच दाखवलं. आमच्यातल्या दोघी दूध संकलन केंद्रावर काम करतात. त्या मशीन बघून लगेच म्हणाल्या, "ही तर आपल्या फॅट मशीनची मोठी बहीण!" आणि तसंच आहे. डेअरीत नमुना लावला की फॅट आणि एसएनएफ छापून येतं, तसंच हे. फक्त इथं एका थेंबाहूनही कमी सिरममध्ये काम भागतं.

सिरम म्हणजे काय, तेही तिथंच पाहिलं. रक्ताची नळी काही वेळ उभी ठेवली की रक्त गोठतं. मग ती एका गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालतात. लाल भाग तळाला बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं, ते सिरम. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. हिमोग्लोबिनसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात, त्यात रक्त न गोठण्याचं औषध असतं. ते औषध स्वतःच लोहाला धरून ठेवतं. म्हणून लोहाच्या या तपासणीला ती नळी चालत नाही, दुसरी साधी नळी लागते. "एकाच वेळी दोन-दोन नळ्या रक्त कशाला काढता?" म्हणून आपण भांडतो ना, त्याचं उत्तर हे.

आता मशीन काय करतं? आधी सिरममध्ये एक आंबट द्रव टाकतं. आंबटात ट्रान्सफेरिनची पकड सुटते, लोह खाली उतरतं. मग फेरोझिन नावाचं द्रव्य येतं. त्याला लोह भेटलं की जांभळा रंग येतो. रंगातून उजेड सोडायचा आणि किती उजेड अडला ते मोजायचं. रंग जितका गडद, तितकं लोह जास्त. हे झालं सिरम आयर्न.

दुसऱ्या भांड्यात गंमत आहे. तिथं आंबट टाकत नाहीत, म्हणजे ट्रान्सफेरिनची पकड घट्टच राहते. त्यात मशीन मुद्दाम, मोजून, जास्तीचं लोह घालतं. रिकाम्या टँकरांनी त्यातलं जेवढं भरून घ्यायचं तेवढं घेतलं की उरलेलं बाहेर पडून राहतं, आणि फेरोझिन त्या उरलेल्याला रंगवतं. समजा मशीननं ६०० घातलं आणि १३८ उरलं. मग ४६२ कुठं गेलं? रिकाम्या जागांत बसलं. हे ४६२ म्हणजे रिकामी जागा. त्यात आधीचं भरलेलं २८ मिळवा. झाले ४९०. आमच्या ताईंची टीआयबीसी. आमच्या मावशी, त्याच, कर्जाला विरोध करणाऱ्या, हे ऐकून म्हणाल्या, "म्हंजी डब्यात किती मावतंय ते वरनं वतून बघायचं, सांडलं तेवढं वजा करायचं." डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, कॉलेजात आम्हाला इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

पूर्वी हे काम हातानं चालायचं. जास्तीचं लोह काढून टाकायला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड घालायची, हलवत बसायचं, फिरवायचं, वरचं पाणी काढून पुन्हा मोजायचं. सिरमही जास्त लागायचं आणि वेळही. शिवाय भांड्याला जरा गंज किंवा धूळ लागली की आकडा चुकायचा, कारण धुळीतही लोह असतंच. आता मशीन बारीक सुईनं नमुना उचलतं, ३७ अंशावर, म्हणजे आपल्या अंगाच्याच उबेवर, काही मिनिटांत काम उरकतं आणि दुसऱ्या नमुन्याकडं वळतं. पण रोज सकाळी, लोकांचे नमुने लावायच्या आधी, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना लावून मशीनची परीक्षा घ्यावी लागते. आम्हाला ते फार आवडलं. आमच्या डेअरीच्या काट्यालाही कुणी रोज असं विचारलं तर बरं होईल.

मशीन मात्र नमुना देणारीला काही विचारत नाही. ते आपण सांगायचं असतं. त्याच दिवशी सकाळी लोहाची गोळी खाऊन गेलात तर रक्तातलं लोह तेवढ्यापुरतं वाढलेलं दिसतं. दिवसभरातही ते कमीजास्त होतं. म्हणून ही तपासणी सकाळी, उपाशीपोटी करतात आणि आदल्या दिवसापासून गोळी थांबवायची का ते डॉक्टरांना विचारून घ्यायचं. गरोदरपणात टीआयबीसी वाढते. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तरी वाढते, हे कुणी सांगत नाही आणि आपणही लाजून सांगत नाही. माला-डीच्या पाकिटात तर शेवटच्या सात गोळ्या लोहाच्याच असतात, तेव्हा त्या चालू असतील तर दोन्ही कारणांनी सांगायला हवं.

आता दुसऱ्या आक्कांची गोष्ट. त्या पन्नाशीच्या. त्यांचंही हिमोग्लोबिन आठच्या आसपास. त्याही लाल गोळ्या खात होत्या, वर कुणाच्या तरी सांगण्यावरून ताकदीच्या बाटल्याही पिऊन झाल्या होत्या. पहिल्या ताईंचा गोंधळ झाल्यावर आक्का स्वतःच म्हणाल्या, माझीबी ती टँकरची तपासणी करा. डॉक्टरांनाही पटलं. त्यांचं सिरम आयर्न आलं ३२. बघा, ताईंच्या २८ च्या शेजारचंच. पण टीआयबीसी आली २१०, कमी. आणि फेरिटिन २६०.

म्हणजे विहिरीत पाणी होतं, टँकरच कमी होते. डॉक्टरांनी सांगितलं की अंगात बरेच दिवस सूज किंवा जुना आजार असला, की यकृत हेप्सिडिन नावाचा एक रस सोडतं आणि तो लोहाच्या साठ्याला कुलूप घालतो. लोह आत अडकून पडतं, बाहेर तुटवडा. अशा बाईनं कितीही गोळ्या खाल्ल्या तरी त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कुलूप कशानं लागलंय ते शोधावं लागतं. मग डॉक्टरांनी आक्कांना हात पुढं करायला सांगितले. बोटांचे सांधे सुजलेले. आक्का म्हणाल्या, "ते तर तीन वर्सं झाली. सकाळी भाकरी थापताना बोटं वळत न्हाईत, दहा वाजले की होतंय मोकळं." घरात सगळे त्याला वात म्हणायचे आणि तेल चोळायचे. तो सूज आणणारा संधिवात निघाला. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात उपचार सुरू आहेत. तपासणीनं संधिवात सांगितला नाही हे लक्षात घ्या. तिनं एवढंच सांगितलं की दुखणं लोहाच्या उपासमारीचं नाही, दुसरीकडं बघा. आठच हिमोग्लोबिन, तेवढंच लोह, पण एकीला गोळ्या थांबवायच्या नव्हत्या आणि दुसरीला गोळ्यांनी भागणार नव्हतं.

सगळाच रक्तक्षय लोहाचा नसतो, हे आपल्याच महाराष्ट्रात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं दाखवून दिलं. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय व्हायचा. विल्सबाईंनी त्या काय खातात ते तपासलं, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बऱ्या होतात हे १९३१ मध्ये छापून दाखवलं. त्या अर्कातलं जे गुणकारी होतं ते पुढं फोलेट म्हणून ओळखलं गेलं. आज आपल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, त्याची मुळं अशी मुंबईच्या गिरणगावात आहेत. विदर्भात, नंदुरबारकडं सिकलसेलचा आजार आहे. काही घराण्यांत थॅलेसेमियाचा अंश असतो, त्यातही लाल पेशी लहान दिसतात पण टीआयबीसी सहसा ठीक असते. अशांना वर्षानुवर्षं उगाच लोह देत राहणं बरं नाही, कारण नको असलेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही.

पण आपल्याकडं बहुतेक वेळा प्रश्न लोहाच्या तुटवड्याचाच असतो, हेही खरं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता. म्हणजे वाढला. एवढ्या सगळ्यांची टीआयबीसी करायची गरज नाही, आम्ही तसं सांगतही नाही. आधी साधं हिमोग्लोबिन, मग गोळ्या नेमानं. महिनाभर गोळ्या खऱ्याखुऱ्या खाऊनही हिमोग्लोबिन १ नं सुद्धा वाढलं नाही, तर मात्र गप्प बसायचं नाही. डॉक्टरांना विचारायचं, की लोहाचा हिशेब बघायचा का. खऱ्याखुऱ्या म्हणतोय, कारण डब्यात गोळ्या साठवून "खाल्ल्या" सांगणाऱ्या आमच्या गटातही निघाल्या.

परत पहिल्या ताईंकडं येतो. त्यांच्या विहिरीला भोक कुठं होतं? सिस्टरांनी त्यांना बाजूला घेऊन पाळीचं विचारलं. सात-आठ दिवस चालायची, गाठी पडायच्या, पहिले दोन दिवस दर दीड-दोन तासाला कापड बदलायला लागायचं. दोन वर्षं त्या दवाखान्यात जात होत्या आणि हे कुणाला बोलल्या नव्हत्या. समोर पुरुष डॉक्टर, सोबत दीर, बोलणार कशा? डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये छापून आला. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आढळला होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. इतकी वर्षं झाली, करकंबात तरी आम्हाला फार फरक दिसत नाही.

आपल्या वहीसारखाच हिशेब करा. एक मिलिलिटर रक्त गेलं की साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. ८० मिलिलिटर गेलं की ४० मिलिग्रॅम. जेवणातून अंगाला लागतं दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रोजच्या झिजेत जातं. दर महिन्याला खर्च जमेपेक्षा जास्त, आणि वरून आम्ही शहाण्यांनी एकोणीस दिवस जमाच बंद केली.

ताईंच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता त्या चहाबरोबर घेत नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घेतात आणि चहा दोन तासांनी पितात. घर माळकरी आहे, मटण-मासळीचा प्रश्न नाही, तेव्हा हुलगे, हरभऱ्याची भाजी, बाजरी, अळीव आणि बोरांच्या दिवसांत बोरं, असं चाललंय. कालवणाला लोखंडी कढई माळ्यावरून खाली आली आहे. पाळीच्या तपासणीत गर्भाशयात गाठ दिसली. "पिशवीच काढून टाका" असा सल्ला द्यायला गावात चार जण तयार होतेच, पण बाईडॉक्टरांनी आधी औषधं सुरू केली आहेत. परवाचं हिमोग्लोबिन ९.६ आलं.

गटाच्या ठरावाच्या वहीत आम्ही एक ओळ वाढवली आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी हे आजारपणच धरायचं, त्याला कर्ज द्यायचं आणि पहिले तीन महिने व्याज घ्यायचं नाही. ठराव मांडला त्या मावशींनी. दुसरीही एक गोष्ट ठरली, ती वहीत लिहिली नाही. रिपोर्ट आला की आम्ही तो वाचून दाखवायचा, पण गोळी चालू की बंद हे आमच्या तोंडून जायचं नाही. कागद घेऊन सिस्टरांकडं किंवा डॉक्टरांकडं जायचं, आणि बाईबरोबर आमच्यातली एक जण जाईल.

ताईंची पुढची लोहाची तपासणी तीन महिन्यांनी आहे. बरोबर कोण जाणार यावरून आत्ताच भांडण सुरू आहे, कारण त्या आठवड्यात द्राक्षाच्या बागेत छाटणी निघणार आणि मजुरी कुणालाच सोडायची नाही. मावशी म्हणतात, मी जाते, मला ते मशीन परत बघायचंय.